डीपीचा सूर

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे गिटारीचा सूर लावणं.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशीची गोष्ट. सकाळची लाईट होती. महानंदा ओट्यावर गेली आणि दारासमोरच्या डीपीकडं तोंड करून उभी राहिली. डीपी म्हणजे दोन खांबांवर बसवलेला ट्रान्सफॉर्मर. लाईट असली की तो हुंऽऽ करत राहतो, गेली की गप. रोज ऐकणाऱ्याला तो आवाज ऐकूच येत नाही. तिनं डोळे मिटले, ओठ मिटले, तो हुंकार घशात धरला आणि तशीच मागं वळली. गुडघे गेलेले, म्हणून भिंतीला हात लावत लावत चालली. पुढची खोली, मग स्वयंपाकघर, मग मागची पत्र्याची खोली. मधे सुनेनं विचारलं, "आत्या, डाळीत चुका टाकू का अंबाडी?" महानंदानं नुसता हात हलवला. तोंड उघडलं असतं तर सूर सांडला असता.

मी बाजेवर गिटार मांडीवर घेऊन बसलो होतो. ती समोर येऊन वाकली आणि तो सूर नाकातून सोडला. बारीक बाजूनं तिसरी जी तार, तिची खुंटी मी पिळत गेलो. तार खालून चढत आली, तिच्या आवाजाला लागली, जरा पुढं गेली, मागं आली. तिनं बोट वर केलं. बास.

बाकीच्या पाच तारा मी त्या एकीवरून लावल्या. तेवढं मला येतं.

"झाले का कान पिळून?" ती म्हणाली. सूर लावायला आमच्या घरात हाच शब्द होता. गिटारीचे कान पिळायचे.

मग तिनं वाटीतलं भस्म पाण्यात कालवलं आणि तीन बोटांनी गिटारीच्या लाकडावर तीन आडवे पट्टे ओढले. खंडेनवमीला आम्ही वजनकाटा, पाने, हातोडी, शिलाई मशीन सगळं पुजतो, तशी ही पण. पट्टे ओढता ओढता म्हणाली, "ऐकलं का? माझ्या माघारी ही कुणा वाजवणाऱ्याला देऊन टाका. खिळ्याला टांगून ठेवू नका. पाली हिंडत्यात तिच्यावर."

मी म्हणालो, "आधी मी जाणार. तूच दे."

"तुमी कुठं जाताय? तुमच्या बडबडीला यमपण कटाळंल."

त्यानंतर आम्ही दोघांनी मिळून काही केलं नाही. म्हणजे जेवलो, झोपलो, दवाखान्यात गेलो. पण ते केलं म्हणत नाहीत. दिवाळीच्या आत ती गेली.

बायकोचं नाव घ्यायची आमच्यात पद्धत नव्हती. मी तिला कधी महानंदा म्हणालो नाही. आता लिहिताना घेतो. आता कोण रागावणार आहे.

हिवाळा गेला, उन्हाळा लागला. गिटार खिळ्यावरच होती. तिला मी हात लावला नाही, पुसलीसुद्धा नाही. देऊन टाक म्हणाली होती, ते माझ्या ध्यानात होतं. पण त्या तारा तिनं आणलेल्या सुरात होत्या. शेवटचा आणलेला सूर. तिची लुगडी बोहारणीनं नेली, तिची काठी मुलीनं नेली, मी काही बोललो नाही. लुगडं हे लुगडं असतं. पण सूर म्हणजे तिच्या घशातनं निघालेली वस्तू. ती कशी देणार?

मुलगा पुण्याला असतो. त्यानं कुणाला तरी सांगितलं, त्यानं आणखी कुणाला, आणि युसूफ वडगावच्या अस्लमचा फोन आला. लग्नाच्या बँजो पार्टीत वाजवतो म्हणाला. "चाचा, जुनी गिटार हाय म्हनं तुमच्याकडं. इकायची का?" मी म्हणालो, ये बघायला. बघायला ये म्हणलं म्हणजे इकतो म्हणलं असं नाही. पण तो येणार म्हणून मी ती खाली काढली. तिचं कव्हर महानंदानं शिवलेलं, आतून जुन्या चोळीचं कापड, बाहेरून खताच्या पोत्याचं. चेन उघडली आणि वास आला. मशीनच्या तेलाचा, भस्माचा, आणि त्याच्याही खाली, एवढ्या वर्षांनी, वार्निशचा.

तो वास माझ्या दुकानाचा. चौसाळ्यात हायवेला माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. शेतकऱ्यांच्या विहिरीवरच्या मोटारी जळायच्या. व्होल्टेज असायचंच कुठं? बैलगाडीतून, टेम्पोतून, मोटारसायकलला बांधून माणसं मोटारी आणायची. जळालेलं वेटोळं काढायचं, नवी तांब्याची तार गुंडाळायची, वार्निशमध्ये बुडवायची, भट्टीला भाजायची. अंगाला, भाकरीला, पोरांच्या केसांना तोच वास. महानंदा म्हणायची, "तुमी घरात यायच्या आधी तुमचा वास येतो, आणि वासाच्या आधी तोंड येतं."

त्या वर्षांत सगळं एकदम आलं. पिवळा एसटीडी बूथ आला. शांपूच्या पुड्यांच्या माळा किराणा दुकानात लोंबायला लागल्या. काचेच्या बाटलीतलं कोल्ड्रिंक प्लॅस्टिकच्या बाटलीत आलं, आणि माणसं पिऊन झाल्यावर बाटली घरी नेऊन तेल भरून ठेवायला लागली. पाटलांच्या माडीवर डिश बसली, आभाळाकडं तोंड वासून. आमच्या ओट्यावरून ती दिसायची. महानंदा म्हणायची, एवढी मोठी परात काय कामाची, पीठ तरी मळा.

आणि त्याच वर्षांत जत्रेला एक ऑर्केस्ट्रा आला होता. त्यांच्यातला एक लांब केसाचा माणूस सकाळीच दुकानावर. हातात ही गिटार. लाल रंगाची, कडेला काळपट. म्हणाला, "आवाज गेलाय, बघा की."

मी म्हणालो, "मी मोटारी भरतो. हे काय, खेळणं हाय का?"

"आत तारच गुंडाळलीय, मामा. तुमचंच काम हाय."

तारांखाली एक डबी होती. उघडली तर खरंच वेटोळं. तांब्याची तार, पण केसापेक्षा बारीक, मधेच तुटलेली. मी असलं कधी बघितलं नव्हतं. माझी बोटं पाने-हातोडी धरणारी, त्यात ती तार ठरेना. घरी आणली. महानंदानं धरली. तिची बोटं बारीक, वाती वळायची सवय. मी तार गुंडाळायच्या मशीनची मूठ फिरवायची, तिनं तार सोडायची. हळू म्हणाली की हळू. आई पुढच्या खोलीतून ओरडायची, "काय चाललंय रं दोघांचं दारं लावून?" दार लावलं होतं ते वाऱ्यानं तार हलू नये म्हणून. पण हे आईला कसं सांगणार.

माझ्याकडं तेवढी बारीक तार नव्हतीच. होती त्यातली बारीक लावली. त्यामुळं वेटोळं जाड झालं, डबीला झाकण बसेना, मग घासून बसवलं. तोवर ऑर्केस्ट्रा पुढच्या गावाला गेला. तो माणूस येतो म्हणाला होता. आला नाही. पुढच्या जत्रेला ऑर्केस्ट्राच आला नाही, लोक डिशसमोर बसले होते. गिटार आमच्याकडंच राहिली.

चालती का बघावं म्हणून एक दिवस लावली. भजनी मंडळाचा लाऊडस्पीकरचा अँप्लिफायर दुरुस्तीला आला होता. वायर जोडली, बटन दाबलं. तारेला कुणी हात लावला नव्हता, तरी ती बोलली. हुंऽऽऽ. थांबेना. मी मागं सरकलो. म्हणालो, अर्थिंगची भानगड हाय, माझं वेटोळंच चुकलं.

महानंदा चुलीपुढून उठून आली. दारात उभी राहून ऐकलं. मग बाहेर ओट्यावर गेली, परत आत आली.

"अहो, ही तर आपल्या डीपीसारखी बोलती."

"ती खोट हाय गं."

"खोट कशी? कुणी हात लावला न्हाई, शिकवलं न्हाई, आन आपल्या आपण बोलली. मंग तोच तिचा आवाज. लेकराचं पहिलं रडं आपण खोट म्हणतो का?"

सूर कसा लावायचा हे आम्हाला कोण सांगणार होतं? तर तो तिचा मूळ सूर असं आमच्या घरात ठरलं, आणि त्यावर तारा लावायच्या ठरल्या. नंतर भजनी मंडळाचे पेटीवाले काका अँप्लिफायर न्यायला आले, त्यांनी एका तारेवरून बाकीच्या कशा लावायच्या ते मला दाखवलं. मग पेटी काढून मिळवून बघितलं आणि हसत सुटले. म्हणाले, "सूनबाई, ही पांढरी पाचला बसत न्हाई आन काळी चारला बी न्हाई. तुमची गिटार पेटीच्या पट्ट्यांच्या फटीत ऱ्हाती."

महानंदा पदर सावरत म्हणाली, "ऱ्हाऊ द्या काका. फटीत कुणी बघायला येत न्हाई."

अडचण एवढीच की गिटार मागच्या खोलीत आणि डीपी पुढं रस्त्यावर. मागं तो आवाज येत नव्हता. गिटार घेऊन ओट्यावर बसायची माझी हिंमत नव्हती. चौसाळ्याची माणसं. रिवायंडिंगवाला आप्पा बँडवाला झाला म्हणायला त्यांना एक सकाळ पुरली असती. मग सूर आत आणायचा. आधी मीच आणून बघितला. पण माझं तोंड बंद राहत नाही. ओट्यावर कुणी "काय आप्पा?" म्हणलं की मी "हाय की!" म्हणायचो, आणि गेला. कुणी नाही भेटलं तर आई भेटायची, तिला उत्तर दिल्याशिवाय पुढं जायची सोय नव्हती. एकदा कुणीच भेटलं नाही तर मी कुत्र्याला हाड म्हणालो.

मग महानंदा आणायला लागली. चुळीचं पाणी धरावं तसा ती सूर तोंडात धरायची. आई बाजेवर बसलेली असायची.

"गिरणीतनं दळण आलं का गं?"

महानंदा गप.

"तुला इच्यारते. तोंडात काय गूळ धरलाय का?"

महानंदा मान हलवत पुढं.

आईनं साऱ्या गल्लीत सांगितलं, सून घुमी झाली. सकाळच्याला तोंड मिटून घरातनं फिरती. एक दिवस तर आईनं तिला दंडाला धरून थांबवलं. "आ कर. चोरून काय खातीस बघू दे." महानंदानं आ केला. तोंडात काहीच नव्हतं. होतं ते सांडलं. आई बघतच राहिली आणि महानंदा हसू दाबत परत ओट्यावर गेली. मी मागच्या खोलीतून सगळं ऐकत होतो. गिटार मांडीवर, हात खुंटीवर. तसलं हसू परत आलं नाही मला कधी.

सूर लावायचा लाईट असताना. वाजवायची मात्र लाईट गेल्यावर. हे कसं ठरलं ते सांगता येत नाही. अँप्लिफायर तर परत गेला होता, नवा घ्यायचा विचारसुद्धा आला नाही. लोडशेडिंगला दुपारी दुकान बंद करून मी घरी यायचो, मोटार भरली तरी तपासणार कशावर? लाईट गेली की एकेक गोष्ट गप व्हायची. आधी डीपी, मग गिरणी, मग आईच्या डोक्यावरचा पंखा, मग कासाराच्या दुकानातली टेप. उन्हात हायवेवरचा एखादा ट्रक तेवढा. आई झोपलेली. पत्रा तापून तडतडायचा. महानंदा भुईला पाणी शिंपडून सूप घेऊन बसायची, तूर नाहीतर मूग निवडत. ओल्या मातीचा आणि डाळीच्या भुशाचा वास.

विजेची गिटार बिनविजेची वाजवली तर काय आवाज येतो? कागदावर मुंगी चालावी तेवढा. पुढच्या खोलीत जात नाही. स्वयंपाकघरातसुद्धा जात नाही. तिला ऐकायची तर जवळ यावं लागायचं. मग ती सूप ठेवायची, बाजेपाशी भुईवर बसायची आणि गिटारीच्या लाकडाला कान लावायची. तिचं डोकं माझ्या मांडीला टेकायचं. केसात खोबरेल तेल, शेवंतीचं एखादं वाळलेलं फूल. एवढ्या माणसांच्या घरात दिवसाढवळ्या ती इतक्या जवळ कधी येत नव्हती. कुणी दार उघडलंच तर मी गिटार दुरुस्त करतोय आणि ती धरतेय.

मला गाणं येत नव्हतं. तिच्या माहेरची, तलवाड्याची, जात्यावरची एक चाल होती. ती शब्द घ्यायची नाही, नुसती गुणगुणायची आणि मी मागून तारेवर शोधत जायचो. सापडायला एक अख्खा उन्हाळा गेला. पुढं ती चाल मला आली, पण शब्द तिनं सांगितले नाहीत. विचारलं तर म्हणायची, "बायकांचं हाय ते. तुमी तारा बघा." ते शब्द मला अजून माहीत नाहीत.

एक तार तुटली तेव्हा सायकलच्या ब्रेकच्या केबलीचा पीळ सोडून त्यातली एक लावली. तिचा आवाज बाकीच्यांपेक्षा करकरीत यायचा. महानंदा म्हणायची, ही सासू.

मग आई गेली. मुलं मोठी झाली. आणि घरात इन्व्हर्टर आला. मुलानंच बसवला, मोठ्या हौसेनं. आता लाईट गेली तरी घर गप होईना. पंखा चालू, टीव्ही चालू. गिटार वाजवायची वेळच राहिली नाही. कुणी बंद केली नाही, ती आपली राहून गेली. फक्त खंडेनवमीच्या आदल्या दिवशी सूर लावायचा. वाजवत नव्हतो तरी लावायचा. महानंदा ओट्यावर जायची, तोंड मिटून यायची, मी कान पिळायचो, ती पट्टे ओढायची, आणि गिटार परत खिळ्यावर. दरवर्षी तीच जागा, तीच तीन बोटं. रंगावर तीन फिकट रेघा पडल्या त्या पुसल्या तरी जाईनात.

तर अस्लम आला. पस्तिशीचा गडी, दाढी कातरलेली, बोटांची टोकं घट्टे पडून कडक झालेली. ते बघितल्यावर हा खरा वाजवणारा हे मला कळलं. दुपारची वेळ, लाईट नव्हती, आणि इन्व्हर्टरची बॅटरी उतरलेली. कितीतरी दिवसांनी घर तसं गप झालं होतं.

"सलाम चाचा. ऊन लई हाय बाबा." पाणी प्याला, गिटार हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली. "माल कडक हाय चाचा. असलं लाकूड आता येत न्हाई. हे काय, वरखडे पडलेत का?"

"भस्माचे पट्टे हायत. खंडेनवमीचे."

"अस्सं." त्यानं त्या रेघांवरून बोट फिरवलं. "आमच्या अब्बांच्या ढोलकीवर पन अशी जागा हाय. हात टेकून टेकून."

मग त्यानं एक तार छेडली. दुसरी छेडली. कपाळाला आठी घातली. खिशातून मोबाईल काढला, त्याच्यात सूर दाखवणारा काटा होता. तो तारेजवळ धरला.

"चाचा, ही सगळीच वर चढलीय. एक तार न्हाई, साऱ्याच. साऱ्या सारख्या. कुनी लावली ही?"

आणि मी काही म्हणायच्या आत त्याचा हात खुंटीवर गेला.

माझं तोंड कधी बंद राहत नाही. आईच्या तेराव्याला पण मी बोलत होतो. त्या वेळी मात्र उघडलं नाही. जाड तारेपासून त्यानं सुरुवात केली. फोनवरचा काटा सरकायचा, मधे यायचा, हिरवा व्हायचा, की पुढची. तिसऱ्या तारेला त्याला जास्त वेळ लागला नाही. एवढीशी तर खाली आणायची होती. म्हणाला, "आता बघा."

आणि वाजवायला लागला. पोरगं चांगलं वाजवत होतं, खोटं कशाला बोलू. त्या गिटारीतून असलं काही निघतं हे मला माहीत नव्हतं. आवाज बारीक, म्हणून त्यानं वाजवता वाजवता मान वाकवली आणि लाकडाला कान लावला. मी पत्र्याकडं बघत बसलो.

वाजवून झाल्यावर म्हणाला, "पन चाचा, लाईट न्हाई तर तारांखालच्या डबीतला पिकप चालतो का न्हाई कसं कळंल? सकाळच्याला लाईट असती ना? उद्या अँप घिऊन येतो. आवाज आला की लगेच नेतो. लग्नसराई हाय, मला गरजच हाय."

मी मान हलवली. तो गेला.

संध्याकाळी सून, वर्षा, अंगणात भांडी घासत होती. मुलगा पुण्याला, ती इथल्याच अंगणवाडीत, म्हणून ती माझ्याजवळ असते. मी गिटार मांडीवर घेऊन पायरीवर बसलो होतो. कव्हरमध्ये घालायचं सुद्धा सुचलं नव्हतं.

ती म्हणाली, "मामा, द्यायची नसंल तर सांगा की त्याला फोन करून. जबरदस्ती हाय का कुणाची?"

"तुझ्या आत्याच म्हणल्या होत्या, दे म्हणून."

"मग अडलं कुठं?"

मी तिला सांगितलं. डीपीचं, तोंडात सूर धरून आणायचं, आणि अस्लमनं काय केलं ते. ती घासायची थांबली. राखेचा हात तसाच.

"म्हणजे खंडेनवमीच्या वक्ताला आत्या तोंड मिटून फिरायच्या ते ह्याच्यापायी?"

"मग तुला काय वाटलं?"

"मला वाटायचं त्यांची दाढ दुखती! अहो मामा, मी दरसाली लवंग देत हुते त्यांना."

"मग?"

"मग काय, गुमान चघळायच्या!"

आम्ही दोघं हसलो. महानंदा गेल्यावर पहिल्यांदाच त्या अंगणात कुणी मोठ्यानं हसलं असेल. हसता हसता वर्षानं डोळ्याला पदर लावला, राख लागली डोळ्यात म्हणाली. मग भांडी विसळायला लागली आणि पाठमोरीच म्हणाली, "मग परत लावा की."

"ती आणायची. मला येत न्हाई. माझं सांडतं."

"डीपी तर हाय ना तिथंच."

भांडं पालथं घालावं तसं ती सहज बोलली. पण खरं होतं. डीपी होती. तिचं तेल बदललं असेल, फ्यूज बदलले असतील, पण आवाज तोच होता. महानंदा काही जगावेगळं आणत नव्हती. दारातलं उचलून घरात आणत होती. मला वाटत होतं तिचा सूर तारांत राहिला आहे आणि तो अस्लमनं काढला. तिचं काम मात्र तो सूर चालत आत आणायचं होतं. ओट्यापासून मागच्या खोलीपर्यंत.

मग मी ठरवलं. गिटार द्यायची. ती म्हणाली तशीच, वाजवणाऱ्याला. पण फोनच्या सुरात नाही द्यायची. आमच्या घरातून आमच्या सुरात जाऊ दे. पुढं त्यानं वाटेत उतरवावी, नाहीतर वडगावला जाऊन उतरवावी. ते त्याचं.

सकाळी उठलो, अंघोळ केली, भस्म लावलं. लाईट होती. ओट्यावर गेलो. डीपीखाली कुत्रं झोपलेलं, तारांवर चिमण्या. पहिल्यांदा मला काही ऐकूच येईना. एवढी वर्षं तो आवाज ऐकायचं काम माझं नव्हतंच. डोळे मिटले. मग हळूहळू आला. खालचा जाड, आणि त्याच्या आतला बारीक. ओठ मिटले आणि घशात धरला. माझ्या घशात तो तिच्यापेक्षा खाली बसतो, पण बसला.

वळलो तर समोरून वाणी. "शरणार्थ आप्पा! बरं हाय का?"

"बरं हाय की," मी म्हणालो. गेला.

परत डीपीकडं तोंड केलं. परत धरला. ह्या वेळेला पुढची खोली ओलांडली, आईची बाज असायची ती जागा ओलांडली. स्वयंपाकघरात आलो तर वर्षा गॅसपाशी. "मामा, चहा…" एवढंच म्हणाली आणि माझं तोंड बघून थांबली. पण भाजी चिरायची जागा रिकामी दिसली. महानंदा ज्या पाटावर बसायची तो अजून तिथंच होता. नकळत 'अगं' म्हणालो. तो पण गेला.

वर्षानं तो पाट उचलून भिंतीला उभा केला.

तिसऱ्यांदा ओट्यावर गेलो. उन्हं पायरीवर आली होती. ह्या वेळेला घाई केली नाही. तो आवाज माझ्या छातीत थरथरेपर्यंत थांबलो, ओठ घट्ट मिटले आणि वळलो. तेवढ्यात मोटारसायकल थांबली. अस्लम. पुढ्यात टाकीवर अँप्लिफायर बांधलेला.

"सलाम चाचा! लाईट हाय ना? आनलंय बघा."

मी चालत राहिलो. भिंतीला हात लावत.

"चाचा? ओ चाचा. नाराज झाले का?"

वर्षा बाहेर आली होती. तिनं ओठावर बोट ठेवलं. "बोलू नका," ती त्याला हळूच म्हणाली. "त्यांच्या तोंडात हाय."

अस्लमला काही कळलं नसणार. पण तो गप झाला, गाडीवरच बसून राहिला. पुढची खोली गेली. स्वयंपाकघर गेलं. मी मागच्या खोलीत बाजेवर बसलो, गिटार मांडीवर घेतली, आणि तिसऱ्या तारेचा कान पिळला.